पाणी कुठवर आलं?

नाशिककराला वय विचारलं की तो मनातल्या मनात सिंहस्थ मोजतो. आमच्या आईची तर सगळी कालगणनाच तशी चालते. ‘मागच्या कुंभाच्या आधी’ म्हणजे साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी, आणि ‘त्याच्याही मागच्या कुंभात’ म्हणजे आजी होती तेव्हा. मी १९८० च्या सिंहस्थातला, भाद्रपदातला. गावात साधूंची आणि यात्रेकरूंची ही गर्दी, दवाखान्यापर्यंत जायला टांगा मिळेना, शेवटी अर्धी वाट ती चालत गेली, ही गोष्ट माझ्या प्रत्येक वाढदिवसाला सांगितली जाते. दर वर्षी चालायचं अंतर थोडं वाढतं. हल्ली ती जवळजवळ त्र्यंबकेश्वराहून चालत आल्यासारखी वाटते.

गुरूला सूर्याभोवती एक फेरा मारायला जवळपास बारा वर्षं लागतात आणि तो सिंह राशीत आला की आमच्याकडे पाहुणे येतात. १९९१ ला मी अकरा वर्षांचा होतो. अण्णांचा हात सोडायचा नाही, एवढंच काम माझ्याकडे होतं. २००३ ला तेवीस. स्वयंसेवकाचा बिल्ला लावून तपोवनात साधुग्रामच्या रस्त्यावर शिट्टी फुंकत उभा होतो, आणि त्या शिट्टीतली निम्मी हवा कॉलेजातल्या एका मुलीसाठी होती. पुढे तिच्याशीच लग्न झालं, पण शिट्टी ऐकू आली नव्हती यावर ती आजही ठाम आहे. २०१५ ला पस्तीस. तेव्हा गाद्या भाड्यानं आणणे, पाहुण्यांच्या गाड्या गावाबाहेर लावून त्यांना बसमध्ये कोंबणे, आणि ‘पाणी गरम आहे का’ या प्रश्नाला पहाटे चारपासून उत्तर देणे ही कामं माझ्याकडे होती. आता २०२७. सत्तेचाळीस. बढत्यांची ही कमान आता कुठे जाते ते बघायचं.

कुठे जाते ते परदेशातल्या एका माणसानं आधीच सांगून ठेवलंय. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर नावाचे अर्थतज्ज्ञ आहेत. शंभराहून अधिक देशांतली आकडेवारी चाळून त्यांनी २०२० साली मांडलं की माणसाचं समाधान तरुणपणापासून घसरत जातं, पन्नाशीच्या आसपास तळ गाठतं आणि मग पुन्हा वर चढू लागतं. तळाचं वयही त्यांनी काढलं : विकसित देशांत ४७.२ आणि विकसनशील देशांत ४८.२. म्हणजे सिंहस्थ संपता संपता मी बरोबर तळाशी असणार. शाहीस्नानाचा मुहूर्त पंचांगकर्ते घटका-पळांत काढतात, माझ्या दुःखाचा मुहूर्त दशांश चिन्हात निघालाय.

याला ‘मिडलाइफ क्रायसिस’ असं भारदस्त नाव एलियट जॅक्स या मनोविश्लेषकानं १९६५ साली दिलं. जॅक्स तेव्हा स्वतः अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, हे मला फार आवडतं. माणसाला काहीतरी होत होतं, आणि त्यानं तक्रार न करता शोधनिबंध लिहिला. आमच्याकडे अशा वेळी माणूस गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

पण खरी कमाल २०१२ साली झाली. काही शास्त्रज्ञांनी ५०८ चिंपांझी आणि ओरांगउटानांच्या मनःस्थितीची नोंद त्यांना सांभाळणाऱ्या माणसांकडून घेतली. तिथेही तोच खड्डा, आयुष्याच्या मधोमध. आता, चिंपांझीला घराचे हप्ते नसतात. त्याच्या मुलीचे बारावीचे क्लास नसतात. त्याला ऑफिसात आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान साहेबाला ‘सर’ म्हणावं लागत नाही. तरीही तो मधल्या वयात उदास होतो म्हणजे मामला परिस्थितीचा नाही, कारखान्यातूनच तसा माल येतो. हे वाचून मला का कोण जाणे, फार हलकं वाटलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘अहो, पण ते निदान स्वतःचं केळं स्वतः सोलतात.’’

‘काका’ म्हणून पहिल्यांदा हाक आली तो प्रसंग या वयात प्रत्येक जण लिहितो, म्हणून मी तो गाळतो. चष्म्याबद्दलही थोडक्यातच. डोळ्यातलं भिंग लहानपणापासूनच हळूहळू ताठर होत असतं, चाळिशीनंतर ते जवळचं बघायला वाकेनासं होतं, यात लाजण्यासारखं काही नाही. मी लाजलोही नाही. फक्त औषधाच्या पट्टीवरची मुदतीची तारीख वाचायची झाली की पट्टी टेबलावर ठेवायची, मोबाइलनं फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करून बघायचा, अशी सोय करून घेतली. दीड वर्ष चष्म्यावाचून निभावलं. फोनच्या गॅलरीत आजही मुलीच्या दहावीच्या निकालाशेजारी अॅसिडिटीच्या गोळ्यांची पाठमोरी छायाचित्रं आहेत.

चवथ्या दशकापर्यंत पोटाला एक हक्काचं कारण होतं. ‘वयाबरोबर पचनशक्ती मंदावते हो, पूर्वीसारखं जळत नाही.’ हे वाक्य आमच्या सकाळच्या ग्रुपात रोज कोणी ना कोणी म्हणायचं आणि बाकीचे माना डोलवायचे. २०२१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांचा. त्यात असं निघालं की शरीराच्या आकाराचा हिशोब धरला तर विशीपासून साठीपर्यंत माणूस दिवसाला जेवढी ऊर्जा खर्च करतो ती जवळपास तेवढीच राहते. मंदावणं सुरू होतं ते साठीनंतर. ही बातमी मीच ग्रुपवर टाकली. दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्यातले शाळेतले सर म्हणाले, ‘‘असले अभ्यास करणाऱ्यांनी रविवारी नाशकात येऊन दाखवावं.’’

सरांच्या बोलण्यात तथ्य आहे. आम्ही गोल्फ क्लबच्या मैदानावर चालतो. कागदोपत्री त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं. रोज पहाटे ट्रॅकवर गोल गोल फिरून जे काही कमावतो ते रविवारी मिसळीवर उधळतो. आमच्याकडची मिसळ म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा, वर लालभडक तर्री, बाजूला वाटीत दही, भाजलेला पापड, आणि पाव संपला की न मागता येणारा दुसरा पाव. रस्सा पुन्हा पुन्हा मिळतो, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. फुकट रस्सा समोर असताना हात आखडता घेणारा माणूस मी तरी गंगेच्या दोन्ही काठांवर पाहिलेला नाही. (गंगा म्हणजे गोदावरी. बाहेरच्यांसाठी सांगितलं.)

मिसळीच्या टेबलावर पूर्वी क्रिकेट असायचं, जमिनीचे भाव असायचे, साहेबांच्या नकला असायच्या. आता रिपोर्ट असतात. ‘‘तुझं बी-ट्वेल्व्ह किती?’’ ‘‘डी-थ्री वाढलं का रे?’’ एकेकाळी ज्या आवाजात बारावीचे टक्के विचारले जायचे त्याच आवाजात. फरक एवढाच की तेव्हा कमी असलेला गप्प बसायचा, आता जास्त असलेला गप्प बसतो.

सगळ्यात मानाचा आकडा एचबीएवनसी. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तात किती साखर होती याची खूण स्वतःवर बाळगतात. म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचं सगळं काढून ठेवतो. आमचा बँकवाला मित्र तपासणीच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस आणि काकडीवर राहिला. उपाशीपोटीची साखर देखणी आली. एचबीएवनसीनं मात्र दिवाळीच्या करंज्यांपासून साडूच्या घरच्या पुरणाच्या मांड्यांपर्यंत सगळं ओकून टाकलं. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला सरासरी शिल्लक ही भानगड कळू नये, याचं त्याला फार लागलं.

या आकड्यांची दहशत कमी करायची युक्ती आम्हाला गंगेवरच सापडली. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर क्युसेकचे आकडे ऐकून घेतो, पण विचारतो एकच : मारुतीला पाणी कुठवर आलं? पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हाही अख्खं गाव हेच विचारत होतं. सराफ बाजारातला दुकानदार मारुतीच्या कमरेवरून ठरवतो की माल माळ्यावर चढवायचा की नाही. तीच मोजपट्टी आम्ही साखरेला लावली. ५.७ च्या आत असेल तर पाय भिजले. तिथून पुढे गुडघे. ६.५ झालं की कमरेला आलं आणि डॉक्टरांची गोळी चालू. त्यामुळे आमच्या टेबलावर आता कुणाला मधुमेह होत नाही. ‘‘काय रे, पाणी कुठवर?’’ ‘‘गुडघ्याच्या वर चार बोटं.’’ ‘‘मग आज विसर्ग कमी ठेव.’’ विसर्ग म्हणजे तर्री. शेजारच्या टेबलावरच्या मंडळींना आम्ही पाटबंधारे खात्यातले वाटतो.

माझं स्वतःचं पाणी गुडघ्याला आहे. बायकोला ते कमरेला वाटतं, पण ती पट्ट्याच्या भोकांवरून मोजते. डॉक्टर टेपनं मोजतात. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी म्हणाले. मी श्वास आत ओढून उभा होतो. त्यांनी टेप धरून ठेवला आणि बायकोशी पावसाबद्दल बोलू लागले. माणूस श्वास किती वेळ धरणार?

घरात माझं स्थान हल्ली मधल्या मजल्याचं आहे. वर अण्णा-आई, खाली मुलगी. अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. इथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. हयातभर नोटांच्या गड्ड्या डोळ्यांखालून घातल्या आणि घराचे हप्ते मात्र पगारातूनच फेडले, हा त्यांचा विनोद आहे आणि तो सांगायची मुभा फक्त त्यांनाच आहे. त्यांना मी दिवसातून दोनदा पासवर्ड सांगतो. मुलीला मी दिवसातून दोनदा पासवर्ड विचारतो. अण्णा म्हणतात, ‘‘तुला एवढं साधं समजावता येत नाही?’’ मुलगी म्हणते, ‘‘बाबा, एवढं साधं समजत नाही तुम्हाला?’’ दोघांचा आवाज इतका सारखा आहे की पाठमोरा असलो तर उत्तर कुणाला द्यायचं ते कळत नाही.

रंगपंचमीला मात्र मला माझं वय नीट, स्वच्छ उजेडात दिसलं. नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि जुन्या नाशकात त्या दिवशी रहाडी उघडतात. रहाड म्हणजे पेशवेकाळातला दगडी हौद. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेला, वरून गाड्या जात असतात, आणि नवख्या माणसाला आपण हौदावर उभे आहोत याचा पत्ताही नसतो. रंगपंचमीच्या आधी तो उकरायचा, साफ करायचा, रंग उकळून ओतायचा, पूजा करायची, आणि मग धप्पा. तीन-चार पावलं धावत यायचं, हवेत गुडघे पोटाशी घ्यायचे आणि दाणकन आत. रंगाचं पाणी काठावरच्या माणसांच्या डोक्यावरून जातं. मी एकेकाळी बऱ्यापैकी धप्पे मारलेत. तिवंध्यातली जुनी मंडळी साक्ष देतील.

परवाच्या रंगपंचमीला पुतण्या आणि त्याची चार टाळकी घेऊन गेलो. शर्ट काढायच्या आत पुतण्या म्हणाला, ‘‘काका, जरा धरा ना.’’ त्याचा मोबाइल, पाकीट, चावी. मग त्याच्या मित्राचं. मग दुसऱ्या मित्राचं, त्यात कानातली ती छोटी डबी. मी सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी शर्टाच्या आत धरली. एवढ्यात एक अजिबात ओळख नसलेला पोरगा आला, माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, ‘‘काका, दोन मिनिटं’’ म्हणाला आणि चाळीस-पन्नास हजारांचा फोन माझ्या हातात ठेवून हौदात गेला. नाव नाही, गाव नाही. चेहऱ्यावर काय लिहिलेलं असतं देव जाणे. त्याच्या मागून आणखी दोघं आले. दहा मिनिटांत माझ्या पोटावर एक वाजतं-गाजतं दुकान तयार झालं. एक फोन थांबेचना, म्हणून उचलला. ‘‘हॅलो, कोण बोलतंय?’’ पलीकडे कुणाची तरी आई. म्हटलं, ‘‘काका बोलतोय.’’ ‘‘कोण काका?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘‘तो रहाडीत आहे, बरा आहे,’’ एवढं सांगितलं. ‘‘बरं झालं तुम्ही आहात तिथे,’’ म्हणाल्या आणि त्यांनी निर्धास्त फोन ठेवला.

पाचेक धप्पे बघितल्यावर मला राहवेना. पाय आपोआप धावायच्या पवित्र्यात आले होते. शेजारी एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे असतील. पिशवी पुढे करत म्हटलं, ‘‘काका, जरा धरता का? एकच धप्पा मारून येतो.’’ त्यांनी आपल्या शर्टाच्या आतून तसलीच पिशवी काढली. म्हणाले, ‘‘मी मघापासून तुम्हालाच विचारायचं म्हणतोय.’’

आम्ही दोघंही कोरडेच परतलो. म्हणजे कोरडे नाही, वरून गेलेलं पाणी होतंच.

अलीकडे कधी कधी पांडवलेण्यावर चढायला जातो. पायऱ्यांवर माझ्या पुढे तरुण मुलं पळत चढतात आणि मागून सत्तरीचे आजोबा गप्पा मारत येऊन ओलांडून जातात. मधेच थांबून लांबवरचं शहर बघत असल्याचा अभिनय करणारे सगळे माझ्या वयाचे. वर गेलं की तीन नंबरच्या लेण्यात थोडा वेळ बसतो. तिथे गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यावर, नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात या आजीबाईंनी तो कोरवला. मला ब्राह्मी येत नाही, भाषांतर फोनवर वाचलं. मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्यानं शक-यवन-पह्लवांना धूळ चारली, हे आहेच. पण बाई तिथे थांबत नाहीत. पूर्ण चंद्राच्या बिंबासारखा चेहरा. उत्तम हत्तीसारखी डौलदार चाल. नागराजाच्या वेटोळ्यासारखे भरीव, गोल बाहू.

मी दोनदा वाचलं. पहिल्या दोन गोष्टी माझ्याकडे आहेत. भरलेला, वाटोळा चेहरा आहे. गुडघ्यामुळे चाल हत्तीचीच झालीय. बाहूंबद्दल बोलायला नको, पण गोल आहेत. डॉक्टर ज्याला ‘सेंट्रल ओबेसिटी’ म्हणतात ते आईच्या नजरेतून दगडात उतरलं की असं दिसतं. आमच्या आईचंही तेच. रिपोर्ट हातात, पाणी गुडघ्याच्या वर, आणि ती म्हणते, ‘‘वाळलायस रे. गालफडं बसलीत.’’ वजनकाटा, टेप, पट्टा, रक्ताचा रिपोर्ट, या सगळ्यांच्या विरोधात एवढी एकच साक्ष माझ्या बाजूनं आहे, आणि तीही मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांची.

त्या रविवारी घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. बलश्री, शिलालेख, चंद्र, हत्ती. ती पापड लाटत होती. ऐकत होती. मीही रंगात येऊन शेवटपर्यंत वाचलं, आणि त्यात पुढे होतं ते वाचून गेलो : आईच्या सेवेत कधी खंड न पाडणारा.

लाटणं थांबलं.

‘‘असं लिहिलंय?’’

‘‘हो.’’

‘‘दगडावर?’’

‘‘हो गं, दगडावर.’’

‘‘मग उद्या सकाळी दहाला मला डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन चल. कधीची सांगतेय.’’

बाहेरून अण्णांचा आवाज आला, ‘‘जाताना माझा फोन बघून जा. पासवर्ड घेत नाहीये पुन्हा.’’